इंग्लिश स्पार्कलिंग वाइन शॅम्पेनच्या तोडीची असते का?

प्रश्न असा आला आहे: मुलीचं लग्न पुढच्या सप्टेंबरात ब्रायटनजवळ आहे, मुलाकडची मंडळी ससेक्सची. ते म्हणतात, स्वागताला आमच्याच भागातली स्पार्कलिंग वाइन ठेवू, ती आता शॅम्पेनपेक्षाही सरस असते. पुण्यातले मित्र म्हणतात, ती नुसती नक्कल, लग्नकार्याला शॅम्पेनच हवी. पन्नासेक माणसं आहेत. कोणाचं ऐकायचं आणि काय घ्यायचं?

व्याह्यांचं ऐका. ते थोडं जास्त बोलले असतील, पण पुण्याच्या मित्रांपेक्षा खऱ्याच्या बरेच जवळ आहेत. तीस ते पंचेचाळीस पौंडांच्या पट्ट्यात ससेक्स, केंट किंवा हॅम्पशरची चांगली बाटली त्याच किमतीच्या नामांकित शॅम्पेनला बरोबरीने टक्कर देते, आणि माझ्या मते पुष्कळदा पुढे जाते. त्या पट्ट्याच्या बरंच वर गेलात तर मात्र शॅम्पेनकडे एक गोष्ट आहे जी इंग्लंडला अजून मिळवायची आहे. ती म्हणजे साठवलेली वर्षं. माझं सगळं उत्तर या दोन गोष्टींभोवतीच फिरणार आहे: इंग्लंडचा आंबटपणा आणि शॅम्पेनचा साठा.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीत तीन हंगाम काढले, मग ससेक्समधल्या प्लम्प्टन कॉलेजात वाइन बनवायला शिकलो आणि गेली बारा वर्षं इथल्याच तळघरांत काम करतो. मधला एक हंगाम फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, एपर्नेजवळच्या एका गावात गेला. त्यामुळे तिन्हीकडचा रस द्राक्षं पिळणाऱ्या प्रेसमधून पडताना चाखला आहे, आणि फरक खरा कळतो तो तिथेच. बाटलीत गेल्यावर बुडबुडे, साखर आणि यीस्ट मिळून पुष्कळ काही झाकतात. प्रेसच्या परातीतला रस काहीच झाकत नाही.

नाशिकला जानेवारी-फेब्रुवारीत स्पार्कलिंगसाठी चेनिन ब्लांक जातीची द्राक्षं काढायचो तेव्हा घाई असायची ती आम्ल पळून जाण्याची. उन्हं वर आली की मण्यातली साखर चढते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून पहाटे अंधारात डोक्याला बॅटऱ्या बांधून घड तोडायचे आणि आठ-नऊच्या आत क्रेट वायनरीत पोचवायचे. ससेक्समध्ये याच्या बरोबर उलट. इथे ऑक्टोबर उजाडला तरी द्राक्ष दात आंबवतं, आणि आम्ही रोज सकाळी शंभर मणी पिशवीत गोळा करून, चिरडून आम्ल मोजत बसतो, की आज तरी उतरलं का. काढणीच्या वेळी लिटरला दहा-बारा ग्रॅम आम्ल इथे सहज असतं. एपर्नेच्या त्या हंगामात आम्ही सप्टेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी उरकली होती आणि आकडे सात-आठच्या घरात होते. तिथल्या प्रेसखालचा रस गोड आणि गोलसर लागला, पिकलेल्या पेअरसारखा. ससेक्सचा रस पहिल्यांदा चाखला तेव्हा कच्ची कैरी आठवली.

हा कैरीपणा हेच इंग्लिश वाइनचं भांडवल आहे, आणि तोच तिचा धोकाही. स्पार्कलिंग वाइनचा कणा आंबटपणाचा असतो. तो असला तर वाइन तीन, पाच, आठ वर्षं साक्यावर, म्हणजे बाटलीत तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवर, उभी राहते आणि तरीही ताजी लागते. नसला तर दोन वर्षांत मऊ पडते. पण हाच आंबटपणा पुरेसा वेळ न देता बाटलीतून बाहेर काढला, तर पहिल्या घोटाला जबडा आवळतो आणि माणूस म्हणतो, शॅम्पेनच बरी. इंग्लिश वाइनबद्दल निराश झालेली जी माणसं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांनी घाईने विकलेली बाटली प्यायलेली असते.

आता नकलेचा आरोप. पद्धत तीच आहे हे खरं. शार्दने, पिनो न्वार आणि मनिए ही तीन द्राक्षंही तीच. आधी साधी, बुडबुडे नसलेली, चांगलीच आंबट वाइन बनवायची. मग बाटलीत भरताना लिटरला साधारण चोवीस ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बूच लावायचं. आत पुन्हा आंबवण होते, वायूला बाहेर पडायला वाट नसते, आणि बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब तयार होतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. मेलेलं यीस्ट तळाशी साका होऊन बसतं आणि महिनोन्‌महिने हळूहळू विरघळत वाइनला भाजलेल्या पावाचा, लोण्याचा, सुक्या मेव्याचा वास देतं. शेवटी बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करायच्या, साका बुचापाशी आणायचा, बाटलीचं तोंड थंड द्रावणात बुडवून तेवढाच भाग गोठवायचा आणि बूच उघडून तो बर्फाचा खडा दाबानेच उडवून द्यायचा. मोकळ्या झालेल्या जागेत थोडी वाइन आणि साखर घालून पक्कं बूच बसवायचं.

या पद्धतीचा उगम मात्र एकट्या फ्रान्सचा म्हणता येत नाही. १६६२ साली क्रिस्टोफर मेरेट या इंग्लिश वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. इंग्लंडमधले वाइनचे व्यापारी वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून ती फेसाळ करतात, असं त्यात नोंदवलेलं आहे. ज्यांना शॅम्पेनचा जनक म्हणतात ते भिक्षू दों पेरिन्यों शॅम्पेनमधल्या ओव्हिलेरच्या मठात तळघराची जबाबदारी घ्यायला आले ते १६६८ साली, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. शिवाय इंग्लंडमध्ये १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी झाली होती, जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, उष्णता वाढली आणि काच जाड व मजबूत झाली. आतला दाब झेलणारी बाटली त्यातून आली. फ्रेंच लोक त्या काचेला इंग्लिश काच असंच म्हणत. द्राक्षं शॅम्पेनची, बाटली इंग्लंडची आणि गिऱ्हाईकही इंग्लंडचं. आज आपण जी कोरडी ब्रूट शॅम्पेन पितो तिची चवसुद्धा इंग्लिश गिऱ्हाइकांनी घडवलेली आहे. फ्रान्स आणि रशियात तेव्हा ती फार गोड प्यायली जाई. पोमरी या शॅम्पेन घराण्याच्या मादाम पोमरींनी १८७४ सालची कोरडी शॅम्पेन लंडनच्या बाजाराकडे बघूनच काढली. हे सगळं पाहिल्यावर दोघांना असल आणि नक्कल म्हणणं मला पटत नाही. तीनशे वर्षांचे शेजारी आहेत हे.

कमतरता एकच होती, इंग्लंडमध्ये चांगली द्राक्षं पिकत नव्हती. हॅम्पशरमध्ये हॅम्बल्डन इथे सर गाय सॉल्सबरी-जोन्स या निवृत्त सेनाधिकाऱ्याने १९५२ च्या सुमारास बाग लावली. ती आधुनिक काळातली इथली पहिली व्यापारी बाग मानतात. पुढची तीस-पस्तीस वर्षं लोक थंडीत तग धरणाऱ्या जर्मन जातीच लावत राहिले. वळण आलं १९८८ साली. शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या जोडप्याने वेस्ट ससेक्समध्ये नायटिंबर या जुन्या वाडीवर शॅम्पेनच्याच तीन जाती लावल्या. इथल्या तज्ज्ञांनी त्यांना सफरचंदं लावा असा सल्ला दिला होता. त्यांची १९९२ सालची शार्दने स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. मग १९९५ साली डिचलिंगजवळ रॉबर्ट्स कुटुंबाने रिजव्ह्यू सुरू केली. २०१० साली डिकँटर या वाइन मासिकाच्या जागतिक स्पर्धेत रिजव्ह्यूच्या २००६ च्या ग्रॉव्हनर ब्लांक द ब्लांकने, म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांच्या वाइनने, सर्वोत्कृष्ट स्पार्कलिंगचा मान घेतला. तोवर तो शॅम्पेनबाहेर कधी गेला नव्हता. २०१८ साली इंटरनॅशनल वाइन चॅलेंजने नायटिंबरच्या शेरी स्प्रिग्ज यांना वर्षातल्या सर्वोत्तम स्पार्कलिंग वाइनमेकर म्हणून निवडलं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि शॅम्पेनबाहेरच्या पहिल्याच व्यक्ती. २०२५ साली त्याच स्पर्धेत नायटिंबरच्या २०१६ च्या ब्लांक द ब्लांकच्या मोठ्या दीड लिटरच्या बाटलीने सर्वोत्तम स्पार्कलिंगचा चषक जिंकला.

स्पर्धांना मी फार किंमत देत नाही. एखाद्या दिवशी एखाद्या टेबलावर काय झालं एवढंच त्यातून कळतं. मला त्याहून जास्त पटतो तो फ्रेंचांनी स्वतः दिलेला पुरावा. टॅटिंजे या शॅम्पेन घराण्याने २०१५ साली केंटमध्ये चिलहमजवळ जमीन घेतली, २०१७ पासून वेली लावल्या, तळघर बांधलं आणि डोमेन एव्हरमाँड नावाने पहिली वाइन २०२५ साली बाजारात आणली. पोमरीने हॅम्पशरमध्ये बाग लावली. ज्यांच्या मालकीची शॅम्पेनची टेकाडं आहेत ती माणसं हौसेखातर खाडी ओलांडत नाहीत. तिकडे उन्हाळे तापत चालले आहेत. काढणी तीस वर्षांपूर्वीपेक्षा दोन-अडीच आठवडे अलीकडे आली आहे, आणि ऑगस्टमधली काढणी, जी एके काळी नवलाची होती, ती २०१५, २०१७, २०१८, २०२०, २०२२ अशी वारंवार होऊ लागली आहे. साखर चढते, आम्ल उतरतं. नाशिकच्या माणसाला हे दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी एपर्नेला होतो तेव्हा तिथला म्हातारा प्रेसवाला रोज आम्लाचा आकडा ऐकून मान हलवायचा. ससेक्सच्या आम्लाचे आकडे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने ते पुन्हा विचारून घेतले.

जमिनीबद्दल इथे फार बोललं जातं. पॅरिसच्या खोऱ्यातला खडूचा थर समुद्राखालून येऊन साउथ डाउन्सच्या टेकड्यांत वर डोकावतो, म्हणून दोन्हीकडची माती एक, असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. भूगर्भाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, आणि खडूचा फायदाही खरा आहे: तो जास्तीचं पाणी झिरपू देतो आणि दुष्काळात आत साठवलेलं पाणी मुळांना देत राहतो. पण नायटिंबरची मूळ बाग खडूवर नाही, हिरवट वालुकाश्मावर आहे. केंटमध्ये ॲपलडोरला गसबोर्नची बाग चिकणमाती आणि वाळूवर आहे. दोन्हींची वाइन पहिल्या प्रतीची. त्यामुळे दुकानदार खडूच्या गोष्टी सांगून किंमत वाढवू लागला तर फारसं मनावर घेऊ नका. इथल्या बागेचं नशीब मातीपेक्षा हवेवर जास्त ठरतं.

त्या हवेची एक रात्र सांगतो. २०१७ चा एप्रिल संपत आला होता. आधीचे दिवस उबदार गेल्याने वेलींना कोवळे फुटवे आले होते, करंगळीएवढे. संध्याकाळी आकाश स्वच्छ झालं, वारा पडला, आणि आम्हाला कळलं की आज दहिवर गोठणार. मध्यरात्रीनंतर आम्ही सहा जण ओळींमधून मेणाचे डबे पेटवत फिरलो, पेंटच्या डब्याएवढे, एकरी दीड-दोनशे. पहाटे चारला उताराच्या वरच्या अंगाला काटा शून्यावर होता आणि तळाच्या ओळींत उणे चार. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि कुंपणापाशी साचते. आम्ही खालच्या भागात आणखी डबे नेले, पण सूर्य उगवल्यावर तिथले फुटवे काचेसारखे पारदर्शक दिसत होते, आणि दहा वाजेपर्यंत चहाच्या चोथ्यासारखे काळे पडले. त्या वर्षी तळाच्या तीन एकरांतून जवळपास काहीच निघालं नाही. नाशिकला मी अवकाळी पावसाने आणि गारपिटीने झोपलेल्या बागा पाहिल्या होत्या. पहाटे बागेत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे दोन्हीकडे सारखेच असतात.

अशा एका रात्रीची किंमत इंग्लंडला जास्त भोगावी लागते. असं दहिवर शॅम्पेनमध्येही गोठतं, फुटवेही जळतात. पण तिथे चौतीस हजार हेक्टरच्या आसपास बागा आहेत, त्या अनेक गावांत पसरलेल्या आहेत, आणि जमिनीखाली शंभर कोटींहून अधिक बाटल्या पडून असतात. शिवाय जुन्या वर्षांच्या वाइन टाक्यांत, पिंपांत राखून ठेवलेल्या असतात. वाईट वर्ष आलं की वाइनमेकर त्या राखीव वाइनमधून दहा, वीस, कधी चाळीस टक्क्यांपर्यंत मिसळतो आणि पिणाऱ्याला वर्ष वाईट होतं याचा पत्ता लागत नाही. बोलिंजे हे घराणं आपल्या राखीव वाइन दीड लिटरच्या बाटल्यांत, बुचाखाली वर्षानुवर्षं ठेवतं. क्रुगच्या एका मिश्रणात दहाहून अधिक वर्षांच्या वाइन असतात. चार्ल्स हाइडसीकच्या साध्या ब्रूटमध्येही दहा वर्षांच्या आसपासच्या राखीव वाइनचा मोठा वाटा असतो. ती प्यायल्यावर तोंडात जी खोली जाणवते, अंजीर, भाजलेली कॉफी, मध, ती पैशाने विकत आणता येत नाही. ती त्या घराण्याने वीस वर्षांपूर्वी न विकलेल्या वाइनमधून येते.

इंग्लंडकडे एवढं मागे टाकायला कालपर्यंत काही नव्हतंच. सगळ्या ब्रिटनमधल्या बागा मिळून आत्ता कुठे चार हजार हेक्टरच्या पुढे गेल्या आहेत. २०२३ साली विक्रमी पीक आलं, दोन कोटी बाटल्यांच्या वर, आणि लगेच २०२४ च्या ओल्या, थंड उन्हाळ्यात ते निम्म्यावर आलं. २०१२ साली तर नायटिंबरने, द्राक्षं आपल्या दर्जाची नाहीत म्हणून, त्या वर्षीची वाइन काढलीच नाही. तो निर्णय घ्यायला छाती लागते, आणि मला त्या घराण्याबद्दल आदर वाटतो तो पदकांपेक्षा या निर्णयामुळे. पण शॅम्पेनच्या एखाद्या मोठ्या घराण्याला असा निर्णय घ्यायची वेळच येत नाही. गेल्या दहा वर्षांत इथेही राखीव वाइन ठेवायची शिस्त आली आहे. हॅम्पशरच्या एक्स्टन पार्कने तर आपली मुख्य वाइनच राखीव मिश्रणावर उभी केली आहे. माझ्या कामाच्या ठिकाणी २०१८ च्या उत्तम पिकातल्या दोन टाक्या विकायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं, तेव्हा हिशेब बघणाऱ्यांशी बरीच वादावादी झाली. आज त्याच वाइनचा थोडासा भाग प्रत्येक मिश्रणात जातो आणि मधल्या चवीतली पोकळी भरून काढतो. अजून पंधरा वर्षांनी हा प्रश्न विचारलात तर माझं उत्तर वेगळं असेल.

आता चवीचं. लेबल दिसू नये म्हणून बाटल्या मोज्यांत घालून समोर ठेवल्या तर कोणती कुठली हे मी दहापैकी सात वेळा ओळखतो, त्याहून जास्त नाही. इंग्लिश वाइनला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा आणि इथल्या कुंपणांवर मे महिन्यात फुलणाऱ्या हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांचा वास असतो. घोट आत गेल्यावर चव उभ्या रेषेत जाते, सरळ आणि लांब. शॅम्पेन तोंडात आडवी पसरते, रुंद होते, ब्रेड आणि मेव्याच्या चवी लवकर येतात. मला चकवतात त्या दोन प्रकारच्या बाटल्या: साक्यावर पाच-सहा वर्षं काढलेली इंग्लिश शार्दने, जी शॅम्पेनमधल्या कोत दे ब्लां भागातल्या वाइनसारखी हुबेहूब लागते, आणि थंड वर्षातली शॅम्पेन. दोन वर्षांपूर्वी आम्ही तळघरातली नऊ माणसं अशीच बसलो होतो. सगळ्यांनी एकमताने जी बाटली शॅम्पेन म्हणून वर काढली ती आमच्याच शेजारच्या बागेची निघाली. आणि ज्या बाटलीला आंबट, अपुरी म्हणून शेवटी ठेवली ती सुपरमार्केटमधली अठरा पौंडांची शॅम्पेन होती.

त्या अठरा पौंडांच्या शॅम्पेनबद्दल पुण्याच्या मित्रांना जरूर सांगा. शॅम्पेनमध्ये चार हजार किलो द्राक्षांतून जास्तीत जास्त २५५० लिटर रस काढायची मुभा आहे. पहिले २०५० लिटर उत्तम, उरलेले ५०० दाबून काढलेले, जाडेभरडे. स्वस्त बाटल्यांत हा दुसरा रस पुष्कळ असतो, आणि कायद्याने लागणारे किमान पंधरा महिने भरले की त्या बाहेर पडतात. लेबलावरचा शब्द शॅम्पेनच असतो. त्या शब्दाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, पण कायदा किमान दर्जाची हमी देतो, आनंदाची नाही. दुसरीकडे इंग्लिश वाइनला एवढी कडक, सगळ्यांना लागू अशी नियमावली नाही. ससेक्स या नावाला २०२२ साली संरक्षण मिळालं आणि त्याच्या अटी चांगल्या कडक आहेत, पण नुसतं इंग्लिश स्पार्कलिंग एवढंच लिहिलेली वाइन मोठ्या टाकीत फेसाळवलेलीही असू शकते, इटलीच्या प्रोसेकोसारखी. ती उन्हाळ्याच्या दुपारी प्यायला छान, पण तिची तुलना शॅम्पेनशी करू नये. लेबलावर पारंपरिक पद्धत किंवा क्लासिक मेथड असे शब्द आहेत का ते बघा. आणि ब्रिटिश वाइन असं लिहिलेली बाटली दिसली तर ती इंग्लिश वाइन समजू नका. ती बाहेरून आणलेल्या आटवलेल्या रसातून इथे बनवलेली असते.

इंग्लिश वाइन एवढी महाग का, हेही तुम्हाला व्याह्यांशी बोलताना कळलेलं बरं. शॅम्पेनमध्ये हेक्टरी दहा टनांच्या आसपास पीक घेतात. इथे चांगल्या वर्षी सहा-सात मिळाले तरी आम्ही खूष असतो आणि वाईट वर्षी दोन-तीनवर येतो. फुलोरा जूनच्या शेवटी, विंबल्डनच्या सुमारास येतो आणि त्याच आठवड्यात पाऊस लागला की घडात निम्मे मणी धरतच नाहीत. ओलाव्याने डाऊनी आणि भुरी या बुरशींवरच्या फवारण्या चालूच. मजूर बाहेरून आणायचे, आणि तयार माल तीन-चार वर्षं तळघरात अडकून पडतो. तीस पौंडांत हे भागवणं सोपं नाही.

तुमच्या खरेदीकडे येऊ. पन्नास माणसांना फक्त शुभेच्छांचा एक ग्लास द्यायचा तर नऊ बाटल्या लागतात, एका बाटलीत सव्वाशे मिलिलिटरचे सहा ग्लास बसतात. दोन-दोन ग्लास धरले तर अठरा घ्या. डझनांनी घेतल्यावर बागवाले थेट दरात सवलत देतात, शिवाय ब्रायटनपासून डिचलिंग अर्ध्या तासाच्या आत आहे, तेव्हा आधी जाऊन चाखून या. रिजव्ह्यूची ब्लूम्सबरी, नायटिंबरची क्लासिक क्युवे, डाउन्सवरच्या विस्टनची ब्रूट या तिन्ही मी पाहुण्यांपुढे निःशंक ठेवीन. विचारायचा प्रश्न एकच: साक्यावर किती काळ होती आणि साका कधी काढला? तीन वर्षांच्या आसपास साक्यावर आणि साका काढून किमान सहा महिने झालेली असेल तर डोळे मिटून घ्या. साका नुकताच काढलेली बाटली बिथरलेली असते, साखर आणि आंबटपणा अजून एकमेकांत मुरलेले नसतात. लग्न सप्टेंबरात आहे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत साका काढलेला लॉट मागून ठेवा.

आणि खाण्याचा विचार करा, कारण तिथेच इंग्लिश वाइन तुमच्या बाजूने उभी राहील. स्वागताला कोथिंबीर वडी, बटाटेवडे, साबुदाणा वडे असं काही तळलेलं ठेवणार असाल तर या आंबटपणासारखा जोडीदार नाही. वड्यावर लिंबू पिळल्यासारखं काम तो करतो, तेल कापतो आणि पुढच्या घासाला तोंड मोकळं होतं. इथली माणसं फिश अँड चिप्सबरोबर ही वाइन याच कारणाने पितात. बोंबील फ्राय ठेवता आले तर फारच उत्तम. सुकी लाल चटणी मात्र बाजूला ठेवा, तिखटाने बुडबुडे जिभेला टोचायला लागतात. श्रीखंड, जिलेबी, केक यांच्याबरोबर ब्रूट देऊ नका, शॅम्पेनही नको आणि इंग्लिशही नको. गोडानंतर कोरडी वाइन कडू लागते आणि दोष बाटलीला जातो. गोडाच्या वेळी चहा-कॉफी द्या किंवा मुद्दाम डेमी सेक, म्हणजे गोडसर वाइन, मागवा.

ग्लास अरुंद, उंच नळीसारखे नकोत. साध्या पांढऱ्या वाइनचे ट्युलिपच्या आकाराचे ग्लास भाड्याने घ्या, वास त्यांतच नीट येतो. बाटल्या आठ ते दहा अंशांवर असाव्यात. बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेल्या टबात अर्धा तास पुरतो. नुसत्या बर्फात बाटली वरवर थंड होते.

वडीलधाऱ्यांसाठी आणि पुण्याच्या मित्रांसाठी एक शॅम्पेन ठेवायचीच असेल तर दोन बाटल्या ठेवा, पण मोठ्या नावाची साधी ब्रूट नको. त्यापेक्षा चार्ल्स हाइडसीकची ब्रूट रिझर्व्ह घ्या, म्हणजे राखीव वाइन काय करते ते त्यांना कळेल. जेवणानंतर, गर्दी पांगल्यावर, ती आणि ससेक्सची एक बाटली शेजारी शेजारी उघडा. आधी ससेक्सची ओता, नंतर शॅम्पेन. उलट क्रमाने ओतलीत तर शॅम्पेनच्या रुंद चवीनंतर इंग्लिश वाइन उगीचच किरकोळ वाटते. मी तळघरात येणाऱ्या पाहुण्यांना नेहमी याच क्रमाने देतो.